व्हाइस कॉन्सलची सही रजिस्ट्रीत चालते का?

प्रश्न : धाकटा भाऊ जेद्दाहला नोकरीला आहे. केज तालुक्यातली सामाईक जमीन विकायची म्हणून त्याने तिथल्या भारतीय कॉन्सुलेटमधून माझ्या नावे मुखत्यारपत्र करून पाठवलं. रजिस्ट्री ऑफिसात म्हणतात, 'ही व्हाइस कॉन्सलची सही आहे, राजदूताची आणा.' एक एजंट मुंबईच्या सौदी कॉन्सुलेटचा शिक्का आणून देतो म्हणतो. काय करावं?

उत्तर : आधी त्या एजंटला वाटेला लावा. ते कॉन्सुलेट सौदी सरकारचं काम बघतं. तुमच्या खरेदीखताला त्याचा शिक्का लागत नाही.

राजदूत रियाधला असतो, सरकारी पातळीवरचा व्यवहार बघतो. पासपोर्ट, दाखले, साक्षांकन हे कॉन्सुलेटचं रोजचं काम. देशादेशांतल्या कॉन्सुलर संबंधांबद्दलच्या 1963 च्या व्हिएन्ना करारातही नोटरीचं काम कॉन्सलकडे, म्हणजे कॉन्सुलेटच्या अधिकाऱ्याकडे दिलंय. व्हाइस कॉन्सल त्याच साखळीतला एक दर्जा. पगार कमी असेल, सही कमी नाही. नोंदणी अधिनियम 1908, कलम 33 उघडून दाखवा : परदेशात राहणाऱ्याचं मुखत्यारपत्र कुणासमोर व्हावं, त्या यादीत 'भारतीय कॉन्सल किंवा व्हाइस कॉन्सल' असं स्पष्ट लिहिलंय. गंमत म्हणजे राजदूत त्यात नावाने नाहीच. त्याला 'केंद्र सरकारचा प्रतिनिधी' म्हणून बसवावं लागतं! 'सही खरी कशावरून?' असं विचारलं तर 1948 चा राजनैतिक व कॉन्सुलर अधिकारी (शपथ व शुल्क) कायदा आहे. त्याच्या कलम 3 प्रमाणे अशा अधिकाऱ्याची सही, शिक्का आणि हुद्दा वेगळा सिद्ध करावा लागत नाही.

मला काळजी आहे ती कागदाचीच. मुखत्यारपत्रावरच्या कॉन्सुलेटच्या शेऱ्यात भावाने अधिकाऱ्यासमोर सही केल्याचा उल्लेख, खाली नाव, हुद्दा, गोल शिक्का आहे का बघा. 'मजकुराची जबाबदारी नाही' असा शिक्का असला तर घाबरू नका. जमीन कुणाची हे कॉन्सुलेट तपासत नाही, एवढाच त्याचा अर्थ. गट नंबर, विक्रीचा, मोबदला घेण्याचा आणि निबंधकासमोर कबुली देण्याचा अधिकार मात्र मजकुरात हवाच.

कागद महाराष्ट्रात आल्यापासून 3 महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, नाहीतर दंड. कुरिअरचं पाकीट फेकलं नसेल अशी आशा आहे. तारखेचा पुरावा तोच. ते घेऊन बीडला मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे जा.

मग खरेदीखत दाखल करा. नुसतं तोंडी 'नाही' ऐकून परत फिरू नका, नकाराचा लेखी आदेश मागा. त्यावर 30 दिवसांत जिल्हा निबंधकांकडे अपील करता येतं.