विनिपेगच्या अंगणात बरबटी कधी लावायची?

प्रश्न : माझी पोरगी कॅनडात विनिपेगला असते. मागच्या वर्षी बर्फ वितळल्या वितळल्या, एप्रिलच्या शेवटी तिने नागपूरहून नेलेलं बरबटीचं (वेलवाल्या चवळीचं) बी लावलं, एकही उगवलं नाही. जूनमध्ये परत टाकलं तर वेल तर माजले, पण फुलंच आली नाहीत. आता यंदा कधी लावू म्हणून विचारून राहिली आहे. – एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : काकू, दोन्ही वेळचं कारण वेगवेगळं आहे. एप्रिलमध्ये बी थंडीनं गेलं. चवळी, बरबटी ही गरम हवेची पिकं, थंड ओल्या मातीत बी पाणी पिऊन फुगतं, पण कोंब काही निघत नाही, आठ-दहा दिवसांनी उकरून पाहिलं तर बोटाला नुसता चिकट, वास मारणारा लगदा लागतो. त्यामुळे कॅलेंडर नाही, माती बघायची. स्वयंपाकघरातला सळईवाला थर्मामीटर सकाळी दोन-तीन इंच आत खुपसायचा आणि सलग चार-पाच दिवस १८ डिग्रीच्या वर आकडा आला तरच पेरायचं. विनिपेगला मे अखेरपर्यंत पाळ्याची (दंव गोठून झाडं जळण्याची) भीती असते, म्हणजे साधारण जूनचा पहिला आठवडा धरा. आधी आठ-दहा दिवस वाफ्यावर काळं प्लॅस्टिक अंथरलं तर माती लवकर तापते. आणि उसळीसाठी भिजवतो तसं बी रात्रभर भिजवून टाकू नका, थंड मातीत ते अजूनच लवकर सडतं.

मे महिन्याच्या मध्यात घरातच कागदी कपात रोपं केली तर दोन-तीन आठवडे वाचतात, फक्त मुळं हलवलेली या पिकाला चालत नाहीत म्हणून कपाचं बूड फाडून कपासकटच लावायचं.

आता फुलांचं, आणि हेच जास्त महत्त्वाचं. आपल्याकडच्या बऱ्याच वेलवाल्या जाती दिवस लहान झाल्याशिवाय फुलावरच येत नाहीत. नागपुरात जूनचा मोठ्यात मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आतबाहेर, तिकडे सोळाच्या वर! वेल पानंच काढत बसतो आणि दिवस लहान होईपर्यंत सप्टेंबरचा पाळा दारात येतो. म्हणून इथून बी पाठवू नका, तसेही बियाण्याचे तिकडचे नियम कडक आहेत. तिथल्याच दुकानातून बुटकी, लवकर येणारी, काळ्या डोळ्याची चवळी घ्यायला सांगा, पाकिटावर साठ-पासष्ट दिवसांत हिरव्या शेंगा असं लिहिलेलं बघून. म्हणजे ऑगस्टमध्ये भाजी निघेल. वाळलेल्या दाण्याला नव्वदेक दिवस लागतात, ते तिथे जमेल पण काठावर जमेल, त्यामुळे पहिल्या वर्षी हिरव्या शेंगांवरच समाधान मानलेलं बरं.

नायट्रोजनचं खत अजिबात नको, पानांचंच रान होतं. त्याऐवजी चवळीचं रायझोबियम कल्चर (मुळांवर गाठी करून हवेतला नायट्रोजन झाडाला देणारे जिवाणू) मिळालं तर बियाला चोळा, तिकडच्या मातीत ते बहुतेक नसतंच. सप्टेंबरमध्ये पाळ्याचा अंदाज आला की संध्याकाळीच जुनी चादर टाकून झाडं झाकायची आणि भरलेल्या शेंगा आधीच तोडून घ्यायच्या.