मधले शंख टाकू नकोस

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

हरिहरेश्वरच्या खडकांवरच्या तुझ्या शंखांचे फोटो दोनदा पाहिले. एक जाड, बारीक तोंडाचा. दुसरा पातळ, रुंद तोंडाचा. या दोन प्रजाती मानून एकीला नवं नाव द्यायची तुला घाई झाली आहे. इतक्यात नको. या दोन टोकांच्या मधले शंख कुठे आहेत?

उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यांवरची लिटोरिना सॅक्साटिलिस ही गोगलगाय घे. इटलीच्या निसर्ग-अभ्यासक ऑलिव्हीने १७९२ मध्ये तिचं वर्णन केलं आणि पुढे शंखाचा रंग, जाडी, कंगोरे पाहून लोकांनी तिलाच शंभरावर नावं दिली. ती माणसं निष्काळजी नव्हती, शंख खरंच इतके वेगळे दिसतात. स्वीडनमध्ये खेकड्यांच्या वावरात ती मोठी, जाड, अरुंद तोंडाची असते. लाटांच्या माऱ्यात ती लहान आणि पातळ असते, पण तोंड ऐसपैस, कारण खडकाला घट्ट धरायला पाऊल मोठं लागतं. या दोन जागांच्या सीमेवर मधल्या घडणीचे शंख सापडतात. १९९२ मध्ये स्वीडिश जीवशास्त्रज्ञ केर्स्टिन योहानेसन यांनी खेकड्यांच्या जागेतल्या गोगलगायी लाटा झेलणाऱ्या एका ओसाड खडकावर सोडल्या. तीस वर्षांत त्यांचे वंशज लाटांतल्या गोगलगायींसारखे दिसू लागले! हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

शंख उलटही फसवतो. लिटोरिना आर्काना वेगळी प्रजाती म्हणून नोंदली गेली ती थेट १९७८ मध्ये. तिचा शंख सॅक्साटिलिससारखाच असतो. मादी उघडली की फरक कळतो: सॅक्साटिलिस पिल्लं पोटात वाढवते, आर्काना अंडी घालते.

म्हणून शंख मोज, पण आतला जीवही बघ. संग्रहालयातले जुने रिकामे शंख मात्र कमी लेखू नकोस. जीवाश्मांत तर शंखाशिवाय हाती काहीच नसतं.

अमावास्येच्या उधाणात पाणी खूप मागे जाईल, तेव्हा ओहोटीला जा. वरच्या कोरड्या खडकापासून पाण्यापर्यंत दोरी लाव आणि दोरीला लागून असलेला प्रत्येक शंख घे, देखणा असो वा झिजलेला. नमुने टिकवायला सोबत ९५ टक्के अल्कोहोल ने. फॉर्मॅलिन नको, त्याने डीएनए खराब होतो. चिठ्ठी पेन्सिलने लिही आणि बाटलीच्या आत टाक. आल्यावर बाटल्या घेऊन ये, माद्या आपण दोघं मिळून उघडू.

तुझा,
सर