फोर-के टीव्ही की फुल एचडी, आणि सोबत प्लेयर कोणता?

तुम्ही विचारलंय की ५५ इंची टीव्ही फुल एचडी घ्यावा की फोर-के, सोफा भिंतीपासून दहा फुटांवर आहे, आणि जुन्या डीव्हीडी व ब्ल्यू-रे दोन्ही चालतील असा प्लेयर कोणता. सगळे टीव्हीपासून सुरुवात करतात. माझं ऐकाल तर आधी कपाट उघडून डिस्क मोजा.

कारण सांगतो. डीव्हीडीवरचं चित्र फार तर ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे जेमतेम चार लाख ठिपके. फोर-के पडद्यावर असतात ८३ लाख. डीव्हीडीच्या एका ठिपक्यामागे वीस जागा भरायच्या, त्यातल्या एकोणीस यंत्राने अंदाजाने. यालाच अपस्केलिंग म्हणतात. चांगल्या टीव्हीवर चेहरे बऱ्यापैकी सावरतात, पण शेवटी वर सरकणारी नावं बघा, अक्षरांच्या कडा पिंजलेल्या दिसतात. ब्ल्यू-रे १९२० बाय १०८० ची असते. तिथे एकाचे चारच करायचे असतात, ते काम स्वच्छ होतं. तेव्हा कपाटात नुसत्या डीव्हीडीच निघाल्या तर नव्या टीव्हीवर त्या एकदम चकाचक दिसतील ही आशा सोडा.

आता प्लेयर. डीव्हीडी प्लेयर कितीही भारी असला तरी ब्ल्यू-रे वाचणार नाही. त्याचा लेसर लाल, ६५० नॅनोमीटरचा. ब्ल्यू-रेला ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा लागतो, कारण तिच्यावरच्या खुणा कितीतरी बारीक असतात. उलट बाजूने मात्र जमतं, ब्ल्यू-रे प्लेयर डीव्हीडी आरामात चालवतो. तिसरा प्रकार अल्ट्रा एचडी ब्ल्यू-रे, म्हणजे खरी फोर-के डिस्क, २०१६ मध्ये आली. तिला तिचाच प्लेयर लागतो, साध्या ब्ल्यू-रे प्लेयरमध्ये ती चालत नाही. हा प्लेयर मात्र खालच्या दोन्ही डिस्क चालवतो, म्हणून पुढे फोर-के डिस्क घ्यायचा थोडा जरी विचार असेल तर तोच घ्या. फार वाट बघू नका. ओप्पो या प्लेयर बनवणाऱ्या कंपनीने २०१८ मध्येच या धंद्यातून अंग काढून घेतलं, आणि नवी मॉडेलं कमीच येताहेत.

परदेशातून डिस्क आणत असाल तर रीजन कोड, म्हणजे ती डिस्क कोणत्या भागातल्या प्लेयरवर चालेल याची खूण, बघा. डीव्हीडीला तो असतो, ब्ल्यू-रेला ए, बी, सी असे तीन. फोर-के डिस्कला ही भानगडच नाही.

परत टीव्हीकडे. ५५ इंची फुल एचडी पडद्याचे ठिपके साधारण नजरेला सात फुटांच्या आत गेल्यावर जाणवू लागतात. तुम्ही दहा फुटांवर बसणार. म्हणजे नुसत्या ठिपक्यांसाठी फोर-के घेण्यात अर्थ नाही. तरीही मी फोर-केच घ्या म्हणेन, कारण त्यासोबत एचडीआर, म्हणजे उजेड-अंधारातला मोठा फरक दाखवणारं तंत्र, येतं, आणि तो फरक दहा फुटांवरूनही दिसतो: रात्रीच्या दृश्यात दिव्याचा झगझगीतपणा आणि शेजारचा गडद अंधार एकाच वेळी. पण इथेच फसगत होते. स्वस्त टीव्हीवरही एचडीआरचं लेबल असतं, त्याचा अर्थ एवढाच की तो सिग्नल घेतो. तेवढा उजेड पाडायची ताकद पॅनेलमध्ये असेलच असं नाही. दुकानात काळोखाचं दृश्य लावायला सांगा आणि सबटायटलभोवतीचा काळा रंग राखाडी होतो का ते बघा. ओएलईडीत होत नाही, तिथे प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि विझतो. एलईडीत लोकल डिमिंग, म्हणजे पडद्यामागचे दिवे भागाभागाने मंद करणं, किती चांगलं आहे त्यावर ठरतं. डॉल्बी व्हिजन हा एचडीआरचा एक प्रकार सॅमसंगच्या टीव्हींवर मिळत नाही, पण त्याने फार अडत नाही, एचडीआर असलेल्या फोर-के डिस्कवर एचडीआर-टेन हा साधा प्रकार असतोच.

जोडणीबद्दल माझीच फजिती ऐका. पहिला ब्ल्यू-रे प्लेयर आणला तेव्हा मी जुन्या प्लेयरची पिवळी-लाल-पांढरी वायरच त्याला लावली. चार महिने सगळ्यांना सांगत होतो, ब्ल्यू-रे म्हणजे नुसता गाजावाजा. एके दिवशी भाच्याने टीव्हीच्या मागे डोकावलं आणि म्हणाला, "मामा, हे काय लावलंय?" त्या पिवळ्या पिनेतून एचडी चित्र जातच नाही. एचडीएमआय लावली आणि त्याच डिस्कमध्ये नायकाच्या स्वेटरची वीण दिसली. (त्या चार महिन्यांत ज्यांना ज्यांना मी उपदेश केला त्यांची मी अजून माफी मागितलेली नाही.)

फोर-के प्लेयर लावताना टीव्हीचं ते एचडीएमआय पोर्ट एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारं कुलूप) चं आहे ना, एवढं तपासा. काही टीव्हींवर त्या पोर्टसाठी सेटिंगमध्ये वेगळी परवानगी द्यावी लागते. ती बंद राहिली तर चित्र येतं, एचडीआर येत नाही.

आणि टीव्ही घरी आला की पहिल्याच दिवशी मोशन स्मूदिंग बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालतो, आणि मोठ्या पडद्यासाठी काढलेला सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो.