महापालिकेच्या सभेत नागरिकाचा प्रश्न

प्रश्न : आमच्या वस्तीत दर पावसाळ्यात नाल्याचे पाणी घरांत शिरते. महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत आम्हाला स्वतः हा प्रश्न मांडता येईल का?

उत्तर : सर्वसाधारण सभेत बोलण्याचा अधिकार सदस्यांना म्हणजे नगरसेवकांना असतो, नागरिकांना नाही; पण ज्यांच्या घरात रात्री-अपरात्री गटाराचे पाणी शिरते, त्यांनी केवळ प्रेक्षक कक्षात बसून राहावे, ही व्यवस्था आम्हाला अपुरी वाटते. तरीही आपल्या नगरसेवकांना भेटून त्यांच्याकरवी लेखी प्रश्न विचारण्याचा आग्रह धरावा आणि प्रभाग समितीच्या बैठकीतही तो लावून धरावा. याखेरीज दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणाऱ्या लोकशाही दिनात, म्हणजे अधिकारी नागरिकांच्या तक्रारी ऐकून घेतात त्या दिवशी, तक्रार मांडता येते. मात्र ती वैयक्तिक स्वरूपाची असावी लागते आणि विहित नमुन्यातील अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो, म्हणून सर्वांच्या सह्यांचे एकच निवेदन देण्यापेक्षा प्रत्येक बाधित कुटुंबाने स्वतंत्र अर्ज करावा. त्यात नुसते ‘नाला तुंबतो’ असे न लिहिता तुंबणाऱ्या चेंबरची नेमकी जागा, पाणी भरल्याच्या तारखा आणि छायाचित्रे द्यावीत, आणि शिक्का व तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय आवक कक्षातून परतू नये.