सगळं एकाच फाइलीत कोंबू का?

प्रश्न : घरच्या उबुंटू २२.०४ वर सी भाषेतला छोटा प्रोग्राम कंपाइल केला. कॉलेजच्या सर्व्हरवर (उबुंटू २०.०४) नेला, तर ‘जीलिबसी २.३४ नॉट फाउंड’ म्हणून अडून बसला. मित्र म्हणतो, स्टॅटिक लिंक कर, कटकट मिटेल. करू का?
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : स्टॅटिक लिंक करणं म्हणजे लागणाऱ्या लायब्रऱ्या प्रोग्रामच्या फाइलीतच कोंबणं. मित्राच्या या उपायाने काम होईलही, पण आधी दुखणं कुठे आहे ते बघा. जीलिबसी ही लिनक्सवरच्या सी प्रोग्रामांची मूळ लायब्ररी. तुमचं मेन फंक्शन सुरू होण्यापूर्वी तिचं जे फंक्शन धावतं, त्याची नवी आवृत्ती २.३४ मध्ये (ऑगस्ट २०२१) आली. प्रोग्रामला लायब्रऱ्या जोडून देणाऱ्या लिंकरने तुमच्या फाइलीत तीच नोंदवली. म्हणजे नुसतं ‘हॅलो वर्ल्ड’ नेलं असतं तरी हेच झालं असतं, कारण सर्व्हरवर आहे २.३१. जुन्यावर बांधलेलं नव्यावर सहसा चालतं, उलटं नाही. तेव्हा सर्व्हरवर जीसीसी हा कंपायलर असेल तर तिथेच कंपाइल करा. नसेल तर घरी २०.०४ चा कंटेनर (तुमच्याच मशीनवर वेगळी चालणारी जुनी उबुंटू) उघडा. स्टॅटिकची गरजच उरणार नाही.

स्टॅटिक केलं की सोळा केबीचं ‘हॅलो वर्ल्ड’ आठशेच्या पुढे जातं. त्याचं मला काही वाटत नाही, डिस्क स्वस्त आहे. मला धास्ती दुरुस्तीची. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतलं हार्टब्लीड नावाचं भगदाड उघडकीला आलं. शेअर्ड लायब्ररी (सगळ्या प्रोग्रामांना मिळून एकच प्रत) वापरणाऱ्यांनी एक पॅकेज बदललं, सर्व्हिसेस रीस्टार्ट केल्या, सुटले. (रीस्टार्ट टाळलात तर चालू प्रोसेस जुनीच प्रत धरून बसते, चालू प्रोसेसची माहिती देणाऱ्या प्रोक फोल्डरमधल्या तिच्या मॅप्स फाइलीत लायब्ररीच्या नावापुढे ‘डिलीटेड’ दिसतं.) स्टॅटिक बांधलेला प्रत्येक प्रोग्राम मात्र पुन्हा बांधावा लागतो, आणि तो आधी हुडकायचा कसा? प्रोग्राम कुठल्या शेअर्ड लायब्रऱ्या वापरतो ते सांगणाऱ्या एलडीडी कमांडला विचारलं तर ‘नॉट अ डायनॅमिक एक्झिक्युटेबल’ एवढंच म्हणून मोकळी होते.

आणखी एक गोम. जीलिबसी धड स्टॅटिक होतच नाही. प्रोग्राम होस्टचं नाव देऊन आयपी पत्ता शोधत असेल, तर लिंकर बजावतो की चालवताना त्याच आवृत्तीच्या शेअर्ड लायब्रऱ्या लागतील. म्हणजे फिरून तिथेच! त्यामुळे अगदी स्टॅटिकच हवं असेल तर मसल ही वेगळी सी लायब्ररी घ्या; उबुंटूत ‘मसल-टूल्स’ पॅकेज आहे. प्रोग्राम नुसती आकडेमोड करणारा असेल, तर मित्राचं ऐकायलाही हरकत नाही.