रायफलचा पट्टा नेमका कुठे अडकवावा?

प्रश्न : मुलगी पॉइंट टू-टू रायफलने 50 मीटर प्रोनचा (पालथं झोपून नेमबाजीचा) सराव करते, उजव्या खांद्याने. पट्टा रेलवर (रायफलच्या दस्त्याखालच्या लांब खाचेवर) कुठे लावायचा यावर जो तो वेगळं सांगतो. थोड्या वेळात तिची डावी बोटं बधिर होतात आणि नेम ठोक्यासारखा वर-खाली उडतो. — एक पालक, सातारा

उत्तर : रेलवरची खूण बघून जागा ठरवू नका. आधी मुलीचा हात जागेवर बसू द्या, हँडस्टॉप (रेलवर सरकणारा, हात अडवणारा आणि पट्टा जोडायचा तुकडा) त्याच्या मागोमाग येईल. बोल्ट उघडा, चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामं, सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामं असल्याची खूण) आत. हँडस्टॉप सैल करून तिला मॅटवर झोपवा. डावं कोपर रायफलच्या किंचित डावीकडे असावं, हात जिथे सहज येतो तिथे स्टॉक (रायफलचा दस्ता) टेकवा आणि अंगठा व तर्जनीच्या बेचक्याला हलका लागेल असा हँडस्टॉप सरकवून घट्ट करा. पट्टा त्यानंतर ताणायचा.

आता तिने डोळे मिटून दोन श्वास घ्यावेत आणि उघडावेत. नेम डावी-उजवीकडे गेला असेल तर कोपर न हलवता कंबर सरकवायची. वर असेल तर हँडस्टॉप 5 मिलिमीटर पुढे, खाली असेल तर मागे. एका वेळी एवढंच. पट्ट्याचं भोकही त्याच वेळी बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

हँडस्टॉप पुढे नेण्याला मर्यादा आहे. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमाने डाव्या हाताचा कोपर ते मनगट हा भाग जमिनीशी किमान 30 अंशांत हवा. कोपर ते मनगट 26 सेंमी असेल तर मनगट कोपरापेक्षा निदान 13 सेंमी वर. बाजूने फोटो काढा, लगेच दिसतं. फार मागे आणलं तर रायफल उंच होते, आणि पट्टा ढिला राहिला की तिचं वजन स्नायूंवर येतं.

नेम ठोक्यासारखा उडतो तो बहुतेक नाडीमुळे. दंडाच्या आतल्या बाजूने मोठी धमनी जाते. पट्टा तिथे दाबला की प्रत्येक ठोका रायफलपर्यंत पोचतो. पट्टा दंडाच्या बाहेरच्या बाजूला, खांद्याजवळ वर घ्या आणि जॅकेटच्या हुकात अडकवा म्हणजे घसरणार नाही. बोटं बधिर होण्यामागे पट्टा मनगटावर करकचून बसणं किंवा स्विव्हल (पट्टा अडकवायची फिरती कडी) पिळलेलं असणं हे नेहमीचं कारण. स्विव्हल मोकळं फिरलं पाहिजे, ग्लोव्ह जाड हवा. पट्टा 40 मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही, आणि पुढच्या स्टॉकला एकाच ठिकाणी जोडायचा.

साताऱ्याच्या पावसाळ्यात कातडी पट्टा दमट होऊन लांबतो. कालचं भोक आज ढिलं लागेल, म्हणून त्या महिन्यांत नायलॉनचा बरा. जागा जमली की रेलवर पेन्सिलने रेघ मारून ठेवा. नीलिंगसाठी (गुडघ्यावर बसून) रेघ वेगळी. स्टँडिंगला (उभ्याने) पट्टा चालतच नाही.

प्रश्न : आमच्या जुन्या रायफलच्या पट्ट्याची कडी नळीच्या बँडला आहे. पट्टा ताणला की गोळ्या डावीकडे खाली जातात. नळी वाकडी आहे का? — एक कॅडेट, सांगली

उत्तर : नळीला दोष देण्याआधी पट्टा तपासा. कडी नळीला असली की ताण नळीवरच येतो आणि ती ओढीच्या दिशेला जरा झुकते. रेंजवर प्रशिक्षकांसमोर वाळूच्या पिशवीवर टेकवून पट्ट्याशिवाय 5 गोळ्या, मग पट्टा ताणून 5 गोळ्या झाडा. दोन्ही वेळच्या गोळ्यांची छिद्रं आपापल्या जागी जवळजवळ असतील तर नळी ठीक. साईट पट्टा ताणूनच लावा आणि दर वेळी तेच भोक वापरा. कडी लाकडी स्टॉकवर हलवायची असेल तर ते काम आर्मररचं (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याचं). सरकारी रायफलला स्वतः ड्रिल लावू नका.