दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत स्त्रियांनी रेल्वेत थोडीफार मदत केली, की खरोखर जबाबदारीची कामे केली? युद्धानंतर त्यांचे काय झाले?

थोडीफार मदत मुळीच नव्हे. येलेना चुखन्यूक यांनी स्टालिनग्राड आणि कुर्स्कच्या लढायांच्या काळात वाफेचे इंजिन चालवले आणि नोव्हेंबर १९४३ मध्ये त्यांना ‘समाजवादी श्रमवीर’ हा किताब मिळाला. पण मला सांगायचे आहे ते किताब न मिळालेल्या एका बाईंविषयी.

मी लेनिनग्राडमध्ये शिकत असताना आमच्या वसतिगृहाच्या दारावर बसणाऱ्या आजी युद्धकाळात श्लिसेलबुर्ग–पोल्यानी रेल्वेमार्गावर होत्या. जानेवारी १९४३ मध्ये लेनिनग्राडभोवतीच्या जर्मन वेढ्याला खिंडार पडताच हा सुमारे ३३ किलोमीटरचा मार्ग घाईने टाकण्यात आला आणि ७ फेब्रुवारीला पहिली गाडी शहरात पोहोचली. सिन्याविनोच्या टेकड्यांवरून जर्मन तोफा त्यावर मारा करीत असल्याने गाड्या रात्री, दिवे मालवून धावत. मार्ग एकेरी, म्हणून एका रात्री सगळ्या शहराकडे आणि दुसऱ्या रात्री सगळ्या उलट दिशेने, एकामागोमाग सोडल्या जात. रुळांलगत ठरावीक अंतरावर कंदील घेऊन उभी असलेली माणसे, त्यांत बऱ्याच कोवळ्या मुली, पुढची गाडी पुरेशी दूर गेल्यावरच मागच्या गाडीला वाट देत. आजी त्यांपैकी एक होत्या. गोळे जवळ पडू लागले तरी जागा सोडायची सोय नव्हती, कारण त्या हलल्या असत्या तर मागची गाडी अंधारात पुढच्या गाडीवर आदळली असती.

माझा एक वर्गमित्र, तोही सिग्नलचाच विद्यार्थी, म्हणत असे की त्या नुसत्या कंदील धरून उभ्या होत्या. ब्लॉक पद्धत, म्हणजे पुढचा टप्पा मोकळा झाल्याशिवाय मागची गाडी न सोडण्याची रीत, शिकलेल्या माणसाने असे बोलावे, याचा मला आजही राग येतो. दोन गाड्यांमधले अंतर राखणे हेच सिग्नल यंत्रणेचे काम असते आणि तिथे ती यंत्रणा म्हणजे या मुलीच होत्या.

युद्धानंतर चुखन्यूक उच्च शिक्षण घेऊन रेल्वे मंत्रालयात गेल्या. आजी स्टेशनच्या सामानघरात लागल्या आणि निवृत्तीनंतर आमच्या दाराशी आल्या. रशियाच्या २००० सालच्या यादीत स्त्रियांना मनाई असलेली ४५६ कामे होती, त्यांत इंजिनचालकाचेही होते. इंजिनचालकाच्या कामावरची बंदी १ जानेवारी २०२१ रोजी उठली. अर्थात युद्धातही सगळ्याच स्त्रिया इंजिनावर नव्हत्या, पुष्कळजणी रूळदुरुस्तीच्या टोळ्यांत होत्या, आणि त्या टोळ्यांत स्त्रिया शांततेच्या काळातही राबत राहिल्या. म्हणून स्त्रियांना इंजिनाचे काम झेपत नाही असे कोणी आपल्याला सांगितले, तर लोखंडी पहारीने रूळ सरकवण्याचे काम त्यांना कसे झेपले, हे त्याला जरूर विचारा.